वळणाचं बक्षीस

चर्चच्या मागच्या हॉलमध्ये शाळा सुटल्यावर मुलांना वळण लावायचा वर्ग भरतो. पहिला धडा सोपा होता. मोठं माणूस आत आलं की उभं राहायचं आणि गुड इव्हनिंग म्हणायचं. तेवढ्यात सफाईवाल्या मावशी बादली घेऊन आत आल्या आणि वीसच्या वीस मुलं ताडकन उभी राहिली. मावशींची मुलगी त्यातच होती. सगळ्यांत मोठा आवाज तिचाच. मावशी इतक्या भांबावल्या, की बादली खाली ठेवून त्यांनीही गुड इव्हनिंग म्हटलं. थोड्या वेळाने त्या फडकं न्यायला आल्या, मुलं पुन्हा उभी. तिसऱ्या खेपेला टीचर हसून म्हणाल्या, "अरे, यांच्यासाठी नाही उठायचं. अशाने आपला धडा कधी संपायचा?"

मुलं हुशार होती. एकदा सांगितलेलं पुरलं.

वर्षअखेरीस उत्तम वळणाचं बक्षीस मावशींच्याच मुलीला मिळालं. फादरांनी तिच्या गळ्यात मेडल घातलं आणि कौतुकाने विचारलं, "आई कुठंय तुझी? बोलाव की, फोटो काढू."

मुलीने एकदा हॉलभर पाहिलं.

"आई कामावर आहे, फादर," ती नम्रपणे म्हणाली.

ते खोटं नव्हतं. खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा दुसरा धडा होता. मागच्या रांगेत आईने टाळ्या वाजवायला हातातली खुर्ची खाली ठेवली होती. ती तिने पुन्हा उचलली.