बॅकअप संपेपर्यंत

ज्यानं सर्व्हरचा बॅकअप लावला, त्यानं तो संपेपर्यंत उठायचं नाही, हा शेंद्र्यातल्या त्या कारखान्यात रूपालीचाच नियम. छातीत दुखतंय म्हणणाऱ्या सुयशलाही तिनं तोच ऐकवला होता. तो खुर्चीत बसल्या बसल्याच गेला.

तेव्हापासून चहा होईस्तोवर उरकणारा बॅकअप दुपारभर रेंगाळायचा. तिनं डिस्क बदलली, केबल बदलली. खोट काही सापडेना. अगदी शेवटाला येऊन तो अडून बसायचा.

आज तिला राहवलं नाही. सुयशच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत ती पुटपुटली, "चुकलं रे माझं. जा आता घरी."

खुर्ची करकरली. बॅकअप पूर्ण झाला.

तासाभरानं चितेगावहून सुयशच्या आईचा, गीताबाईंचा फोन आला. आवाज अगदी दबका.

"मॅडम, सुयश आलाय. तुम्ही सोडलं म्हणतो. जेवाय वाढू का त्याला?"