पडद्यावरचा हातमोजा

"ये, लोर्ना, ये! डावीकडे गं, तुझ्या डावीकडे!" लोर्ना गाडीमागचं फिरतं घर, कॅरॅव्हॅन, मागे घेताना एडगर नारिंगी हातमोजा हलवत असा ओरडायचा, आणि ऑस्ट्रेलियात डार्विनपासून पर्थपर्यंत कॅरॅव्हॅन-तळांवरचे शेजारी खुर्च्या ओढून नवरा-बायकोची जुंपलेली बघायचे.

एडगर गेला. "मागचं दिसायला कॅमेरा घे, नाहीतर कॅरॅव्हॅन विक," म्हणत लेक टेसा आईला कॅमेऱ्याच्या दुकानात घेऊन आली.

दुकानदाराने एक कॅमेरा लावून दिला आणि आवारात लोर्नाने गाडी मागे घेतली. गाडीतल्या पडद्यावर एडगरचा नारिंगी हातमोजा हलला: ये, ये, थांब. तिने ब्रेक दाबला. उतरून पाहिलं, तर मागे फक्त कुंपण, बोटभर अंतरावर.

शेजारच्या सीटवर टेसा अजून पडद्याकडेच बघत होती.

दुकानदाराने दुसरा कॅमेरा लावला. पुन्हा तोच हातमोजा.

"माझे डोळेच गेले गं. विकूनच टाकू," लोर्ना म्हणाली.

"मला पहिल्या कॅमेऱ्यातही बाबांचा हातमोजा दिसला होता, आई," टेसा म्हणाली. "नको विकूस."