अंथरुणावरच्या माणसाचा शब्द

फोन वाजला तेव्हा गोडबोली आजींचे केस विंचरत होती. तिचा हात थांबला नाही. "ताई, त्यांचाच असेल," ती स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाली. "इथेच घ्या ना. आजींनाही ऐकू द्या."

तिचं खरं नाव पोलिसांच्या दाखल्यावर होतं. गोडबोली हे आजींनी मनातल्या मनात ठेवलेलं.

लेक ओले हात पुसत आली आणि फोन स्पीकरवर टाकून पलंगाच्या कडेला बसली. आईकडे तिने पाहिलं नाही.

पलीकडे एक मोकळ्या आवाजाची बाई होती. "तुमच्याकडच्या बाईंबद्दल विचारायचं होतं. माझ्या बाबांसाठी हव्या आहेत. पडल्यापासून उठता येत नाही त्यांना, पण तोंड ठणठणीत! घरात चोर शिरला तर त्यालाही बसवून घेतील गप्पा मारायला."

लेक हसली. हसायला हवं तेवढंच.

"दाखला पाहिलात ना तुम्ही?"

"पाहिला हो. एकदम स्वच्छ आहे. पण दाखल्यात काय येतं? कुणी तक्रार केली असेल तेवढंच. म्हणून म्हटलं, घरच्यांना विचारावं."

कंगवा केसांतून सावकाश खाली येत होता.

लेक सांगू लागली. वेळेवर येतात. टापटीप आहेत. आवाज म्हणून चढवत नाहीत. आजींना त्यातला शब्दन् शब्द ओळखीचा होता. गोडबोलीला ठेवण्याआधी लेकीने तिच्या जुन्या घरी अशीच चौकशी केली होती, आणि तिथल्या गृहस्थांनीही हेच सांगितलं होतं. शेवटी ते म्हणाले होते, "मग आजच घेऊन जाता का?" त्यांच्या त्या घाईचं तेव्हा मायलेकींना हसू आलं होतं.

परवा आंघोळ घालताना लेकीला आईच्या दंडावर आतल्या बाजूला चिमट्यांचे काळेनिळे डाग दिसले. बाहीखाली झाकले जातील तेवढ्याच जागेत. जाब विचारला तर गोडबोली रडली नाही की चिडली नाही. "दुसरी जागा मिळाली की जाते ना, ताई," म्हणाली. "मिळू द्या मात्र. तक्रार झाली तर कोण ठेवून घेईल मला? मग मी तरी कुठे जाऊ? इथेच आसपास राहीन. तुमच्या छोटीच्या शाळेचा रस्ता आता पाठ झालाय मला."

"एक विचारू का?" फोनवरची बाई म्हणाली. "राग मानू नका हं. आजींशीच बोलू का दोन शब्द?"

कंगवा थांबला.

आजींच्या लहानपणी दाखला नव्हता आणि घरात फोनही नव्हता. माणूस ठेवायचा तर त्यांची आई आधीच्या घरी स्वतः जाऊन यायची. मालकिणीशी इकडचं तिकडचं बोलून झालं की म्हणायची, "आलेच आहे तर जरा आजोबांना भेटून येते." तिचं बोट धरून गेलेल्या आजींना त्या खोल्यांमधला औषधांचा वास अजून आठवत होता. "हिंडत्याफिरत्या माणसांना सतरा व्याप असतात, ती काहीही सांगतात," आई परतताना म्हणायची. "खरं ते अंथरुणावरच्या माणसाला विचारावं. त्याला कुणाची भीती?"

गोडबोलीने लेकीच्या हातातून फोन अलगद घेतला आणि आजींच्या तोंडापाशी धरला. दुसरा हात त्यांच्या दंडावर ठेवला, बाहीवरूनच. चिमटा नव्हता. हात नुसता टेकला होता.

"आजी, कशी आहे हो बाई? मनातलं सांगा."

लेकीने आता आईकडे पाहिलं. तिच्या पाठीमागे, दाराशी, नातीचे शाळेचे बूट पडले होते. एक सरळ, एक पालथा.

आजींनी घसा खाकरला. "हात," त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

"काय म्हणालात?"

"हात फार हलका आहे हो तिचा."

लेकीने मान खाली घातली.

"झालं तर मग!" पलीकडची बाई हसली. "बाबा, ऐकलंत का? आजी स्वतः सांगतायत."

"आण, आण इकडे तो फोन." काहीतरी पडल्याचा आवाज झाला. "अगं, चष्मा राहू दे, बोलायला चष्मा कशाला लागतोय!" मग एक जुना, खरखरीत, मजेतला आवाज अगदी जवळ आला. "नमस्कार आजी! ही माझी लेक म्हणजे संशयाचा पुतळा आहे. पोलिसांवर विश्वास नाही, तुमच्या लेकीवर नाही. मीच म्हटलं तिला, जी पडून आहे तिला विचार. आपल्यासारख्यांना आता खोटं बोलून काय मिळवायचंय, हो की नाही?"

आजींचे ओठ हलले.

"आजी? आहात ना?"

"आहेत ना, बाबा," गोडबोली फोनकडे वाकून म्हणाली. "डोळे भरून आलेत त्यांचे. मी उद्याच येते."