तोच चिमटा

सलोनाच्या चौकात सम्राटाचा नवा पुतळा उभा केला होता. नाकासाठी म्हणे वेगळी बैलगाडी लागली. बंदरावरचे हमाल असं सांगतात, आणि ते कमीच करून सांगतात. पुतळ्यापुढे धुपाटणं मात्र जुनंच होतं. राख तेवढी काढली होती.

सकाळी दवंडी पिटली होती: सम्राट ख्रिस्ताचा झाला. मासळीवाल्या बायकांचीसुद्धा वाचा बसली. त्या आ वासून उभ्या राहिल्या आणि मांजरांनी टोपल्या साफ केल्या. आता सगळं गाव रांगेत उभं होतं. एकेक जण पुढे व्हायचा, पुतळ्याला मान लववायचा, निखाऱ्यांवर चिमूटभर धूप टाकायचा आणि सुटायचा.

ज्युपिटरच्या देवळाचा म्हातारा राखणदार प्लातोर पुढे आला आणि हात मागे बांधून उभा राहिला.

"माझ्या देवांना टाकून गेला हा. याला माझ्या हातचा धूप नाही."

"ए आजोबा," मुकात्रा शिपाई म्हणाला, "चिमूटभर तर टाकायचाय. टाका आणि घरी जाऊन जेवा."

"नाही."

मुकात्रानं सुस्कारा सोडून ढाल खाली ठेवली. ढालीवर आजच ख्रिस्ताचं चिन्ह काढलं होतं. ओल्या रंगाला माश्या चिकटल्या होत्या. त्यानं चिमटा उचलला. नकार देणाऱ्यासाठी जुनी रीत होती. त्याचा हात धुपाटण्यावर धरायचा, तळव्यावर धूप ठेवायचा, धुपावर निखारा. हात हलला, धूप खाली पडला, की झाली पूजा!

ख्रिस्ती मंडळींच्या पुढे, मानाच्या बाकावर, उर्सिना म्हातारी बसली होती. तिच्या डाव्या मुठीत धूप होता. उजवी मूठ वळत नव्हती. तळवा करपून आकसला होता. मागच्या सम्राटाच्या वेळी, याच धुपाटण्यावर, तो हात हलला नव्हता. नंतर त्यावर हंसाची चरबी चोळली होती ती शेजारच्या प्लातोरनं. हंस देवळातला होता. कोल्ह्यानं नेला, असं त्यानं देवाला सांगितलं होतं.

उर्सिना उठली.

"सेवेरिन, थांबव त्याला."

सेवेरिन तिचा धर्मगुरू. तिचा हात जळत होता तेव्हा तो डोंगरात शेळ्यांमध्ये लपला होता.

"आजी, हा सम्राटाचा अपमान आहे. आपल्या सम्राटाचा."

"अरे, हा तोच चिमटा आहे!"

"चिमट्याचं काय घेऊन बसलात, आजी? आता तो आपल्या बाजूनं आहे."

उर्सिना त्याच्याकडे बघत राहिली. पुतळ्याकडेही कुणी इतकं टक लावून बघितलं नव्हतं. मग तिनं मुठीतला धूप फरशीवर झाडला आणि ती धुपाटण्याकडे चालू लागली. मंडळींतून कुणी तरी तिचा पदर ओढला. पदर त्याच्या हातात राहिला.

"आजी, बाजूला व्हा," मुकात्रा अगदी आदरानं म्हणाला. "तुमचं झालंय."

ती हलली नाही. प्लातोरचा हात धुपाटण्यावर ताणलेला होता. तळव्यावर धूप होता. कोपर थरथरत होतं. तिनं आपला आकसलेला तळवा त्या कोपराखाली लावला.

"देवळात आता हंस उरला नाही, उर्सिने," प्लातोर म्हणाला.

मुकात्रानं निखारा ठेवला.

"डोळे मिटू नकोस," उर्सिना म्हणाली. "मिटले की हात हलतो. माझ्याकडे बघ."