एक छोटी मूठ

माझ्या किडनीचे रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "बदाम, अक्रोड, भोपळ्याच्या बिया चालतील. पण मीठ लावलेलं काही नको, आणि दिवसाला फक्त एक छोटी मूठ." मूठ कोणाची, हे सांगायचं मात्र ते विसरले. ती उणीव आमच्या सौभाग्यवतींनी मोठ्या तत्परतेने भरून काढली. मापासाठी साडेचार वर्षांच्या नातीची नेमणूक झाली आणि बरणीचा ताबा तिच्याकडे गेला.

तिच्या मुठीतून चौथा बदाम हमखास घरंगळायचा. पण जन्मभर मुलांना शिकवत आलेला माणूस एवढ्याने हार मानतो होय? रोज दुपारी तिला शेजारी बसवून मी धीराने धडे दिले. बोटं फाकवायची, हात खोल घालायचा, वर काढताना दुसऱ्या हाताचा आधार द्यायचा. पोरगी भलतीच हुशार निघाली.

आज तिने पहिल्यांदाच भरगच्च मूठ बाहेर काढली. कौतुकाने माझा ऊर भरून आला आणि मी ओंजळ पुढे केली.

 

तिने सगळे बदाम स्वतःच्या तोंडात कोंबले आणि मला समजावलं, "आजोबा, तुम्हाला किडनी आहे ना? मला नाहीये."