दाराची कड

शेजारच्या गाड्यांची दारं आपटून पोचे पडू नयेत म्हणून यूनुसने नव्याकोऱ्या पिकअपच्या दोन्ही अंगांना रबरी पट्ट्या लावल्या. तरी त्याची धास्ती जाईना. रत्नागिरीहून अम्मी दोन महिन्यांसाठी शारजाला त्याच्याकडे आली, तर पार्किंगमध्ये रोज तिच्यावर खेकसायचा, "यल्ला अम्मी, चल, उतर. पण दार हळू! खांबाला लागेल!"

एकदाही लागलं नाही. "अम्मी शिकली हां," तो मित्रांना सांगायचा.

परतीच्या दिवशी शारजाच्या विमानतळावर तिने पदराखालचा हात काढून त्याच्या गालावरून फिरवला. यूनुसने तो धरला. चारही बोटं काळीनिळी पडली होती.

"हे काय, अम्मी?"

"काय नाय रे. दाराच्या कडेला तुझी पट्टी नव्हती ना, तिथं मी बोटं धरायची."