चूलबंद आवतण

आबांनी गोदाबाईच्या हातावर अक्षता ठेवल्या आणि नमस्कार केला. "चूलबंद आवतण आहे बरं. घरात एक मानूस मागं राहिलं नाही पाहिजे."

बाहेर स्कूटीवर बसलेल्या त्यांच्या लेकीच्या, तृप्तीच्या अंगाचा तिळपापड झाला. लग्न तिचं. मांडव लहान, म्हणून आईने सख्ख्या मामाच्या घरीही एकाचंच आमंत्रण दिलं होतं. आणि मोहाची दारू गाळणाऱ्या या बाईला चूलबंद? म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, पोरासोरांसकट सगळ्यांनी मांडवातच जेवायचं!

गोदाबाई आधी गोंधळलीच. तिच्या दारात माणसं यायची ती ग्लास मागायला. अक्षता घेऊन आजवर कुणी आलं नव्हतं. तिने पदराने डोळे पुसले आणि सवयीने आत वळली. "भिकनभाऊ, लय दिसांनी आले. पहिल्या धारेची आहे, जरा घोटभर..."

"नको!" म्हणत आबा जवळजवळ पळतच बाहेर आले. तृप्तीने त्यांच्या तोंडाचा वास घेऊन पाहिला. सकाळपासून तिचं हेच काम चाललं होतं.

आबा एकटेच आपल्या दापोरा गावाहून बऱ्हाणपूरच्या वाटेवर आमंत्रणं द्यायला निघाले होते. आईने तिला बळेच बरोबर धाडलं. थोरल्या दीपालीच्या लग्नात ऐन कन्यादानाच्या वेळी आबांचा पत्ता नव्हता. सापडले ते केळीच्या बागेत, तर्र होऊन. कन्यादान काकांनी केलं. दीपाली सासरी गेली, ती बापाच्या गळ्यात न पडताच. दिवाळीपासून आबांनी दारूला हात लावला नव्हता. पण पिणाऱ्याची शपथ म्हणजे अळवावरचं पाणी, असं आईचं म्हणणं. तृप्तीला मात्र आपलं कन्यादान आबांच्याच हातून हवं होतं.

आबा पिण्यातही मोठे चोखंदळ. ठेक्यावरच्या सीलबंद बाटलीला ते खोकल्याचं औषध म्हणायचे. हाताने गाळलेलीच हवी. गावाभोवती कोण चांगली गाळतो, कुणाची गोडसर, कुणाची धुरकट, सगळं त्यांना तोंडपाठ. आज एकेक करून ते त्याच घरांना गाठत होते.

तापीकाठच्या वामनला तर हसूच आलं. "अन् धंदा कोन पाहील, भाऊ?"

"एक दिवस बंद ठेव. तू ये, वहिनीले आन, पोरांले आन. म्हातारीलेही आन."

"म्हातारी आहे घरी. ती पाहून घेईल दुकान."

"नाही, नाही!" आबा एकदम कळवळले. "तिच्यासाठी मी रिक्षा पाठवतो."

मागे चुलीवर मडकं रटरटत होतं. आबांची नजर तिकडे गेली आणि तिथेच अडकली. अक्षता देताना त्यांनी निम्म्या खालीच सांडल्या. ते तृप्तीला दिसलं, आणि रागातही ती स्कूटीवरून उतरून त्या वेचू लागली.

ऊन उतरता उतरता शेवटचं घर झालं. अक्षतांची पिशवी रिकामी झाली, तशी तृप्ती फुटली. "आबा, हद्द झाली! मामाला एक ताट, आणि तुमच्या या दारूवाल्यांचं पुरं खानदान? माझ्या लग्नात मी यांची तोंडं पाहायची का? दीपालीताईच्या वेळी झालं ते कमी होतं?"

आबा तिच्या मागे बसले. तिने रागारागात स्कूटी हाणली. बरंच अंतर गेल्यावर तिच्या खांद्यावर त्यांचा हात आला. तोंडासमोर बोलायची हिंमत नसावी, म्हणून ते तिच्या पाठीशीच बोलले.

"मामाच्या घरी कोनी राहिलं त राहू दे, बेटा. पन मले माझ्या पायांचा भरोसा नाही. तुझ्या कन्यादानाच्या दिवशी यांच्यातलं एकही दार मले उघडं भेटाले नको."